मुक्या पडद्याची कैफियत

गेल्या वर्षी मिरजेस मामांच्या घरी, त्यांच्या धाकट्या कन्येच्या विवाहाचे चित्रण पाहावे म्हणून, आम्ही पंधरा-वीस माणसे दिवेलागणीच्या सुमारास माजघरात जमलो होतो. छायाचित्रकाराने संकलन न केलेले मूळ चित्रण पेनड्राइव्हवर घालून दिले होते. तो पेनड्राइव्ह सेट-टॉप बॉक्सला खोचण्यात आला, पडद्यावर अंतरपाट धरला गेला, भटजींचे ओठ हलले, सनईवाल्याचे गाल फुगले, अक्षताही उडाल्या. परंतु ध्वनी म्हणून काही उमटेना. मामींनी रिमोटवरील आवाजाची कळ शेवटच्या टोकापर्यंत दाबून पाहिली, शेजारच्या गृहस्थांनी डब्यावर अनुभवी हाताची थाप दिली, आणि दुसऱ्या दिवशी आलेल्या दुरुस्तीवाल्याने जुनी एव्ही केबल काढून नवी बसवली व दोनशे रुपये घेऊन तो निघून गेला. त्यानंतरही बातम्यांना आवाज होता, मालिकांना होता, त्याच पेनड्राइव्हवरील जुन्या गाण्यांनाही होता. मुके होते ते फक्त लग्न.

या प्रकाराची तक्रार घरोघर ऐकू येते, आणि तिच्यावरील उपायांची यादीही घरोघर निराळी असते. त्या साऱ्यांचा धांडोळा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की, या मौनाच्या बहुसंख्य प्रकरणांत काहीही मोडलेले नसते. ध्वनी फाइलीत सुखरूप असतो, डबा धडधाकट असतो, केबलही निर्दोष असते; अनिर्णित राहिलेला असतो तो अंमलाचा प्रश्न, म्हणजे हा ध्वनी उलगडून सांगण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती ज्याच्याकडे आली त्याच्यापाशी त्या कामाची सनद आहे की नाही.

चित्रपटाची फाइल ही एकजिनसी वस्तू आहे अशी आपली समजूत असते, आणि तिच्या नावापुढील एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही शेपटे पाहून आपण तिची जात ठरवतो. वास्तविक ही नावे बासनांची आहेत, आतील कागदांची नव्हेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल बाहेरून सारखाच दिसला तरी एकात मोडी कागद असतील, दुसऱ्यात फारसी, आणि केवळ मोडी जाणणाऱ्या कारकुनासमोर फारसीचा रुमाल सोडला तर तो गाठ अचूक सोडील, कागद नीट मांडील, आणि गप्प बसेल. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणलेले एव्हीआय, ॲपलच्या क्विकटाइमपासून वाढलेले एमपीफोर, आणि एकीच्या पोटात दुसरी अशा रशियन बाहुल्यांवरून ज्याचे मात्रोस्का हे नाव पडले ते २००२ सालचे एमकेव्ही, हे तिन्ही असेच रुमाल होत. त्यांत चित्राचा कागद एका लिपीत असतो, ध्वनीचा दुसऱ्या, आणि मात्रोस्काच्या औदार्यामुळे कधी कधी ध्वनीचेच चार-पाच कागद निरनिराळ्या लिप्यांत एकत्र बांधलेले असतात. या लिप्यांनाच कोडेक म्हणतात. डब्याला चित्राची लिपी येते म्हणून ध्वनीचीही आलीच पाहिजे असा कोणताही नियम नाही, आणि सगळ्या घोटाळ्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

चित्र आणि ध्वनी यांचा हा विभक्त संसार संगणकाने निर्माण केलेला नाही. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला आणि बोलपटांचा अंमल सुरू झाला, त्याही काळी चित्राच्या चौकटी आणि ध्वनीची रेघ ही वेगवेगळीच होती. पुढे अंकीय ध्वनी आला तेव्हा ही फारकत अधिकच स्पष्ट झाली. १९९२ च्या 'बॅटमन रिटर्न्स'बरोबर डॉल्बीने आपला अंकीय ध्वनी पस्तीस मिलिमीटर पट्टीच्या कडेच्या दोन छिद्रांमधील चिमुकल्या जागेत छापून चित्रगृहांत पाठवला. पुढच्याच वर्षी 'जुरासिक पार्क'बरोबर प्रतिस्पर्धी डीटीएसने ध्वनी पट्टीवर छापलाच नाही, तो निराळ्या सीडींवर रवाना केला आणि पट्टीवर केवळ कालदर्शक खुणा ठेवल्या, ज्यांच्या आधारे यंत्राने सीडी चित्राबरोबर चालवावी. ज्या चित्रगृहाने ज्याचे यंत्र घेतले त्याला त्याचाच ध्वनी ऐकू येई. आज आपल्या घरच्या डब्यापुढे जे परके कागद हटकून येतात ते याच दोन घराण्यांचे आहेत: डॉल्बीचा एसी-थ्री, त्याचा वारस ईएसी-थ्री, आणि डीटीएस.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांस येथे थोडे हसू येईल, कारण त्या मुलखात डॉल्बी हा शब्द मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांचे दुसरे नाव आहे, आणि डॉल्बीमुक्त उत्सवाची आवाहने ऐकत तेथील एक पिढी वाढली आहे. ज्या नावाने गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेच नाव फाइलीत लिहिलेले असले की घरातला डबा चिडीचूप होतो, हा योगायोग एखाद्या विनोदी लेखकानेच जुळवला असावा.

आता सनदेचा प्रश्न. डॉल्बी आणि डीटीएस या खाजगी मालकीच्या पद्धती होत. त्या उलगडणारे यंत्र बनवून विकावयाचे तर मालकाचा परवाना काढावा लागतो आणि प्रत्येक नगामागे दस्तुरी भरावी लागते. हजार-बाराशे रुपयांत विकावयाच्या डब्यात नफा मुळातच तुटपुंजा. उत्पादक खर्चाला पहिली कात्री येथे लावतो. पुष्कळदा आतल्या चिपला ती विद्या येत असते, पण सनद नाही म्हणून तिच्या तोंडाला कुलूप घातलेले असते. हे तर्कट वाटू नये म्हणून एक उघड उदाहरण देतो. इंग्लंडातील रासबेरी पाय या स्वस्त संगणकाच्या चालकांनी २०१२ साली एमपेग-टू चित्र उलगडण्याची किल्ली स्वतंत्रपणे, सुमारे अडीच पौंडांना, विकण्यास आरंभ केला. यंत्र तेच, चिप तीच, केवळ यंत्राच्या अनुक्रमांकाशी बांधलेली एक संख्या विकत घेतली की कालपर्यंत न दिसणारे चित्र दिसू लागे. तेथे तो व्यवहार प्रांजळपणे सांगितलेला होता. आपल्या बाजारातील डब्यांच्या खोक्यावर मात्र 'यूएसबीवरून सर्व व्हिडिओ चालतात' एवढेच ठळक छापलेले असते, आणि 'चालतात' या क्रियापदात ऐकू येणे अंतर्भूत आहे की नाही याचा खुलासा ग्राहकास घरी गेल्यावर होतो. मला यात लबाडीपेक्षा बेपर्वाई अधिक दिसते. पण दोहोंचा भुर्दंड ग्राहकासच.

ही कात्री केवळ स्वस्त मालास लागते असेही नाही. मोबाइलवर लोकप्रिय असलेल्या एमएक्स प्लेअरने परवान्याच्याच कारणास्तव २०१४ च्या सुमारास एसी-थ्री उलगडणे थांबवले, आणि काल बोलणारे चित्रपट एका अद्ययावतीकरणानंतर मुके झाल्याचे पाहून लोक चक्रावले. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या दूरचित्रवाणी संचांतून डीटीएस वगळले. एलजीने २०२० च्या संचांतून ते काढले आणि २०२३ च्या काही संचांत पुन्हा घेतले. म्हणजे नवा संच घेतल्यावर जुन्या फाइली मुक्या झाल्याची तक्रार ही भ्रमिष्टाची बडबड नसून खरी असू शकते. मूळ एसी-थ्रीवरील एकस्वांची, म्हणजे पेटंटांची, मुदत २०१७ च्या मार्चमध्ये संपली हे खरे. परंतु त्याआधी विकलेल्या डब्याच्या आज्ञावलीत त्यानंतर कोणी हात घालीत नाही, आणि मुदत संपल्याची वार्ता त्या बापड्यापर्यंत पोचत नाही.

मग वाहिन्यांना आवाज कसा, हा मामींचा प्रश्न सर्वांत मार्मिक होता, आणि त्याच्या उत्तरातच अर्धे निदान आहे. दूरदर्शनने २००४ च्या डिसेंबरात सुरू केलेली आणि आज फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी सेवा घ्या, किंवा मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर आणि पुणे-नागपुरात २०१३ च्या मार्चअखेर ज्या डब्यांवाचून केबल बंद पडू लागली ते डबे घ्या: त्यांचे मुख्य काम प्रक्षेपण उलगडण्याचे, आणि आपल्याकडील साध्या प्रक्षेपणाचा ध्वनी बहुतांशी एमपेग लेअर-टू या, १९९३ च्या मानकातल्या, जुन्या लिपीत येतो. ती लिपी डब्याची मातृभाषा होय. त्याच मानकातील तिसरा स्तर म्हणजे आपला एमपीथ्री. म्हणून गाणीही त्याला वाचता येतात. पेनड्राइव्ह वाजवणे हे त्याचे पोटापाण्याचे काम नव्हे, हौसेचे आहे, आणि हौशी मनुष्याकडून सर्वज्ञतेची अपेक्षा कशी करावी?

मामांच्या प्रकरणाचा उलगडा यावरून झाला. छायाचित्रकाराचा कॅमेरा एव्हीसीएचडी पद्धतीचा होता. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली ही पद्धत ठरवली तेव्हा चित्रासाठी एच-२६४ आणि ध्वनीसाठी सामान्यतः डॉल्बीचा एसी-थ्री योजिला, आणि दोहोंचे बासन जे निवडले ते प्रक्षेपणात वापरतात त्याच जातीचे. त्यामुळे डब्याला रुमाल ओळखीचा वाटला, चित्राची लिपी वाचता आली, आणि मंगलाष्टकांपाशी येऊन त्याची मती खुंटली. कॅमेऱ्याकडून जशीच्या तशी उतरवलेली अशी चित्रणे गावोगावच्या कपाटांत पडून आहेत, आणि त्यांतील किती तरी 'खराब झाली' म्हणून टाकून दिली गेली असतील याचे मला वाईट वाटते.

अन्य लिप्यांची वासलात थोडक्यात लावता येईल. अलीकडच्या मोबाइलवरील चित्रण बहुधा एएसी ध्वनीचे असते आणि ते बऱ्याच डब्यांना मानवते. जुन्या मोबाइलवरील थ्रीजीपी फाइलीत एएमआर नावाची, केवळ संभाषणासाठी घडवलेली लिपी असते. तिला डबे सहसा ओळखत नाहीत. यूट्यूबवरील चित्रण उतरवून घेतले तर त्यात पुष्कळदा ओपस असतो, जो सर्वांना खुला व विनामूल्य असूनही, २०१२ साली मानक झाल्यामुळे, जुन्या डब्यांना अपरिचित आहे. येथे सनदेचा प्रश्न नाही, वयाचा आहे.

निदानाचा क्रम लोक उलटा लावतात, म्हणजे केबलपासून आरंभ करून फाइलीपर्यंत कधी पोचतच नाहीत. प्रथम वाहिनी लावून पाहावी, मग त्याच पेनड्राइव्हवरील एमपीथ्री गाणे. दोन्ही ऐकू आली तर डबा, केबल आणि कर्णे यांना निर्दोष सोडून द्यावे, दुरुस्तीवाल्यास बोलावू नये. नंतर रिमोटवर ऑडिओ अशी कळ असेल तर ती दाबावी, कारण अनेकभाषी चित्रपटात पहिली ध्वनिपट्टी डीटीएसची आणि दुसरी एएसीची असणे नित्याचे आहे, आणि डबा पहिलीच धरून हटवाद करीत बसतो. त्याच कळीने कधी डावा-उजवा असा पर्यायही येतो. कॅराओकेच्या जुन्या व्हीसीडींत एका बाजूस वाद्यमेळ आणि दुसऱ्या बाजूस गायकाचा कंठ ठेवीत, त्यासाठी ती सोय होती, आणि ती चुकून एका अंगास सरकली तर अर्धा ध्वनी नाहीसा होतो. एवढ्याने काम भागले नाही तर फाइल संगणकावर व्हीएलसीमध्ये उघडून तिच्या कोडेकविषयक माहितीचा तक्ता पाहावा. ध्वनीच्या रकान्यात ए-५२ अथवा एसी-थ्री, ईएसी-थ्री वा डीटीएस असे दिसले की गुन्हेगार सापडला. ए-५२ हे एसी-थ्रीचेच मानकातले नाव आहे, हे ठाऊक नसल्याने काही लोक येथवर येऊन परत फिरतात.

आता ज्या प्रकारात खरी गुंतागुंत आहे त्याकडे वळतो. ज्यांच्या घरी होम थिएटर किंवा साउंडबार आहे त्यांच्या डब्यात, विशेषतः अँड्रॉइडच्या डब्यात, ध्वनीच्या मांडणीपाशी दोन पर्याय दिसतात: एक पीसीएम, दुसरा बिटस्ट्रीम, ज्यास कोठे पासथ्रू तर कोठे नुसतेच रॉ म्हटलेले असते. पीसीएम म्हणजे डब्याने कागद स्वतः वाचून त्याचा सरळ बाळबोध मजकूर पुढे धाडणे. बिटस्ट्रीम म्हणजे लखोटा न फोडता जसाच्या तसा पुढच्या कचेरीकडे रवाना करणे. पुढे लखोटा फोडू जाणणारा ॲम्प्लिफायर बसलेला असेल तर दुसरी रीत उत्तम, कारण डब्यास सनद नसली तरी चालते. पण पुढे साधा दूरचित्रवाणी संच असला आणि डब्यात बिटस्ट्रीम ठेवलेले असले, तर डबा म्हणतो मी काम पुढे पाठवले, संच म्हणतो मला ही भाषा येत नाही, आणि दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये फिर्यादी ताटकळतो. अशा घरात पीसीएम निवडले की बहुधा क्षणात आवाज येतो. डीटीएचच्या काही एचडी डब्यांतही डॉल्बी आणि स्टिरिओ असा हाच प्रश्न निराळ्या नावाने विचारलेला असतो.

मार्गातील पुलांची वहनक्षमताही येथे लक्षात घ्यावी लागते. प्रकाशतंतूची लाल उजेडाची जी ऑप्टिकल केबल असते, तिच्यावरून दोन मार्गांचा साधा पीसीएम जातो: सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, म्हणजे दोन मार्गांचे मिळून १५,३६,००० बिट. डीटीएसचा पूर्ण प्रवाह सेकंदास सुमारे १५ लाख ९ हजार बिटांचा असतो, म्हणजे त्या पुलावरून तो अगदी खांदे आकसून का होईना, पण पार होतो. ब्लूरेवरून आलेले ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मात्र या पुलावर मावत नाहीत. २००९ च्या एचडीएमआय १.४ मधील एआरसी या, संचाकडून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या, उलट्या वाटेनेही मावत नाहीत. त्यांस थेट एचडीएमआय अथवा नवा ईएआरसी लागतो. शिवाय एचडीएमआयच्या रीतीप्रमाणे संच आपणांस कोणकोणते ध्वनी कळतात याचा दाखला आधी डब्याकडे पाठवतो, आणि डबा आधी चालू झाला व संच मागाहून, तर कधी तो दाखला पोचतच नाही. संच आधी, ॲम्प्लिफायर मग, डबा शेवटी, असा क्रम ठेवून पाहण्याचा सल्ला ऐकून लोक हसतात, पण त्यामागे अंधश्रद्धा नाही.

एक मौन अर्धवट असते, आणि ते पूर्ण मौनापेक्षा अधिक फसवे आहे: पार्श्वसंगीत ऐकू येते, पावसाचा आवाज येतो, गाडी येते-जाते, पण पात्रे मात्र ओठ हलवून निघून जातात. पाच-दशांश-एक अशा ध्वनियोजनेत संवाद बहुतेक सगळे मधल्या कर्ण्यास दिलेले असतात. ज्या घरी दोनच कर्णे आहेत तेथे डब्याने तो मधला मार्ग किंचित मंद करून दोहोंत वाटून द्यावा असा संकेत आहे. एखादा डबा हे वाटप करण्याचे विसरतो, किंवा त्याला सहा कर्णे जोडलेले आहेत असे कोणीतरी सांगून ठेवलेले असते. मांडणीत स्टिरिओ अथवा डाउनमिक्स निवडले की पात्रांना वाचा फुटते.

केबलीचा दोष खरोखर असतो तेव्हा तो निराळ्या चेहऱ्याने येतो: वाहिन्याही मुक्या होतात, किंवा कर्ण्यांतून घुरघुर येते. लाल, पांढरी आणि पिवळी पिन एका टोकास व एकच बारीक चार-कडी पिन दुसऱ्या टोकास, अशा केबलींत कड्यांचा क्रम सर्व उत्पादकांचा सारखा नाही. बाहेरून जुळी दिसणारी दुसरी केबल लावली तर चित्र लाल पिनेतून निघते आणि ध्वनी पिवळीतून. पिना आलटून पालटून लावल्या तर कधी जमते, कधी भूसंपर्काची कडीच सरकलेली असल्यामुळे जमत नाही. मामांची नवी केबल निर्दोष होती हे दुरुस्तीवाल्याच्या बाजूने नमूद करणे उचित होय.

उपायांपैकी सर्वांत खात्रीचा म्हणजे भाषांतर: फाइलीतील चित्रास हात न लावता केवळ ध्वनी डब्याच्या मातृभाषेत उतरवणे. फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभिलेले एफएफएमपेग हे विनामूल्य साधन हे काम उत्तम करते. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल त्याने ॲव्हिडेमक्स घ्यावे, चित्राच्या रकान्यात 'कॉपी' तसेच ठेवावे आणि ध्वनीच्या रकान्यात नवी लिपी निवडावी. हँडब्रेक अधिक प्रसिद्ध आहे, परंतु ते चित्रही नव्याने कोरते. परिणामी काही मिनिटांच्या कामास तास लागतात आणि चित्राचा कस थोडा उतरतो, म्हणून या कामापुरते ते मी टाळतो. नवी लिपी कोणती याबद्दल सर्वत्र एएसीची शिफारस ऐकू येते, आणि एमपीफोरच्या बासनात ती रास्तही आहे. तथापि स्वस्त डब्यासाठी माझा कौल एमपेग लेअर-टू किंवा एमपीथ्रीस आहे, कारण ज्या भाषेत डबा रोज पोट भरतो ती तो विसरणार नाही. मूळ फाइल पुसू नये; सहा मार्गांचा ध्वनी दोन मार्गांत उतरवला की तो पुन्हा सहा होत नाही. आणि फाइलीत एएसीची दुसरी पट्टी आधीच असेल तर भाषांतराचीही गरज नाही. एमकेव्हीटूलनिक्सने त्या पट्टीस पहिला मान दिला की पुरे.

दुसरा उपाय दुभाष्याचा. अँड्रॉइडच्या डब्यावर व्हीएलसी बसवले तर ते डब्याच्या विद्येवर अवलंबून न राहता स्वतःबरोबर आणलेल्या कोशातून ध्वनी उलगडते. पॅरिसच्या एकोल सांत्राल या विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पातून ते वाढले, २००१ पासून मुक्त परवान्याखाली आहे, आणि संगणकाच्या आज्ञावलीस केवळ आज्ञावली म्हणून एकस्व न देण्याच्या युरोपीय कायद्याच्या छत्राखाली नांदते. आपल्याही १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात तशाच आशयाचे पोटकलम आहे, जरी त्यातील 'केवळ' या शब्दावर वकिलांची बरीच उपजीविका चालते. फ्री डिशच्या वा केबलच्या साध्या डब्यावर मात्र असा दुभाषा बसवता येत नाही, तेथे भाषांतरच.

मामांच्या लग्नफितीचा ध्वनी मी लेअर-टूमध्ये उतरवला. सव्वादोन तासांच्या चित्रणास माझ्या जुन्या संगणकावर चहा होऊन गार होईपर्यंतचा वेळ लागला. रविवारी पुन्हा सगळे जमले, अंतरपाट धरला गेला, आणि या खेपेस मंगलाष्टकांच्या आधी, सनईच्याही आधी, साऱ्या माजघरात स्वच्छ घुमला तो छायाचित्रकाराचा स्वर: 'ओ काका, जरा बाजूला व्हा, नवरी झाकली जातेय.' मामांनी पडद्यावर आणि खुर्चीत, दोन्हीकडे, अंग चोरून घेतले.